हाकेला ओ

त्या आठवड्यात यन पेइ-चनच्या चष्म्याच्या दुकानात आलेल्या निम्म्याअधिक गिऱ्हाइकांचे डोळे सुजलेले होते. पहिल्या दिवशी तिला वाटलं, साथ आली. कीलुंगसारख्या दमट बंदरात उन्हाळ्यात डोळे यायला फारसं निमित्त लागत नाही. तिने यंत्राची हनुवटी टेकवायची पट्टी प्रत्येक माणसानंतर औषधाने पुसायला सुरुवात केली. पण डोळे आलेल्या माणसाच्या पापण्यांना चिकटा असतो, तो इथे नव्हता. पापण्या जाड, कडा लाल आणि बुबुळ मात्र स्वच्छ. गोदीतला एक धिप्पाड क्रेनवाला खुर्चीत बसला, हनुवटी टेकवली आणि तिने दिवा लावायच्या आत त्याच्या गालावरून पाणी ओघळलं.

“दुखतंय का?” तिने विचारलं.

“दुखत काही नाही, ताई,” तो म्हणाला. “शेवटचा भाग वाचून झाला.”

तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिची स्वतःची प्रत घरी होती, कागदात गुंडाळलेली, रविवारसाठी राखून ठेवलेली.

‘मीठवाट’ ही मालिका गेली वीस वर्षं निघत होती. दर दोन-तीन वर्षांनी एक जाडजूड भाग. लेखक कोण, कुठला, हे कुणाला धड माहीत नव्हतं. तो मुलाखती देत नसे, फोटो छापू देत नसे. पण ज्या किनाऱ्याबद्दल तो लिहायचा तो कीलुंगचाच, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. मिठाची चोरटी ने-आण करणारी एक होडी, तिच्यावरची माणसं, आणि त्यांच्यातली चाओ-यिन. चाओ-यिन म्हणजे भरतीचा आवाज. लांब वेणीची पोरगी, जन्माची मुकी. होडीच्या काठावर दोन थापा म्हणजे हो, एक थाप म्हणजे नाही, आणि तिच्या डोक्यातलं सगळं वाचकाला कळायचं, होडीवरच्यांना नाही. पेइ-चनने पहिला भाग वाचला तेव्हा ती शिकत होती. नंतर वडील गेले, दुकान तिच्या गळ्यात आलं, लग्न ठरलं आणि मोडलं. या सगळ्यातून चाओ-यिन तिच्याबरोबर होती. कितीतरी घरांत ती अशीच होती.

रविवारी दुपारी पेइ-चनने शेवटचं पान उलटलं. पहारेकऱ्यांच्या बोटी पाठीवर असताना होडीचा नांगर खडकात अडकतो. दोर कापायला चाओ-यिन पाण्यात उतरते. दोर सुटतो, होडी निघते. पलीकडच्या किनाऱ्यावर बाकीचे भाताची पेज शिजवतात. एकजण समुद्राकडे बघत उठतो, तेव्हा दुसरा त्याला म्हणतो, “बस खाली. हाक मारून काय उपयोग? ती थोडीच ओ देणार आहे.” मग सगळे पेज खातात. संपलं.

पेइ-चन रडली नाही. तिने पुस्तक मिटलं, तांदूळ धुतले, ते पाणी ओतून दिलं आणि पुन्हा धुतले. तिला राग आला होता. मरण तिने मान्य केलं असतं. ती पेज तिच्या घशाखाली उतरत नव्हती.

शहराला सुतक लागल्यासारखं झालं होतं. देवळाजवळच्या बाजारात एका तळणीवाल्याने गाडी बंद ठेवून नुसती पाटी लावली, ‘मन लागत नाही.’ पुस्तकांच्या दुकानात शेवटच्या भागाच्या गठ्ठ्यापुढे कुणीतरी संत्री ठेवून गेलं, आणि मग रोज नवी संत्री येत राहिली. एका कॉलेजच्या मुलीने आपली वेणी कापून धक्क्याच्या कठड्याला बांधली. पेइ-चनच्या वाचनमंडळातला त्सेंग शहर बस चालवायचा. त्याने भर गर्दीच्या वेळी बस कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं, आणि उतारूंपैकी एकानेही तक्रार केली नाही.

“तक्रार कशी करतील?” तो काओ गुरुजींच्या घरी जमल्यावर सांगत होता. “मागच्या बाकावरची बाई माझ्यापेक्षा मोठ्याने रडत होती.”

काओ गुरुजी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. मच्छीमार धक्क्यासमोर त्यांचं घर, खाली एकच मोठी खोली, रविवारची बैठक तिथेच. बायको गेल्यापासून ते फार कमी बोलत. त्या दिवशी त्यांनी चहा ओतला तोच दोनदा टेबलावर सांडला.

“लेखकाने मुद्दाम केलंय,” ते म्हणाले. “आपल्याला शिक्षा.”

“कसली शिक्षा, गुरुजी?”

“इतकं प्रेम केल्याची.”

 बाहेर एका ट्रॉलरचं इंजिन घरघरत होतं.

“आपण मारू हाक,” पेइ-चन म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. चांद्र पंचांगातला सातवा महिना लागलाच होता. या महिन्यात कीलुंगमध्ये बेवारस मेलेल्यांना जेवायला बोलावतात. भूत म्हणायचं नाही, ‘चांगले भाऊ’ म्हणायचं. बादौझीच्या किनाऱ्यावर एकेका कुळाचे लोक कागदाची घरं पेटवून पाण्यात सोडतात, समुद्रात गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून. त्यांच्या दिवसाआधी एक संध्याकाळ आपण घेऊ, पेइ-चन म्हणाली. तिच्या नावाचं घर सोडू. हाक मारू.

“यन-ताई, ते मेलेल्यांसाठी असतं,” गुरुजी म्हणाले. “ही तर जन्मलीच नाही.”

“मग तुम्ही कुणासाठी सुतक पाळताय?”

“बोला गुरुजी,” त्सेंग म्हणाला. “सबंध आठवडा त्याच शर्टात आहात.”

गुरुजींनी शर्टाकडे पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी हसले.

कागदी घर बनवणाऱ्या कारागिराने तिला दोनच गोष्टी विचारल्या. देह मिळाला का? नाही, ती म्हणाली. घरचं कोण आहे? आम्हीच, ती म्हणाली. त्याने बांबूच्या काड्या उचलल्या आणि कामाला लागला. तो ज्या अर्थाने विचारत होता त्या अर्थाने आपण खोटं बोललो, हे तिला रस्त्यावर आल्यावर जाणवलं. पण परत जाऊन सांगावं असं तिला वाटलं नाही.

किनाऱ्यावर माणसं जमली ती तिच्या अंदाजाच्या बाहेर. ताइपेहून, ह्वालियेनहून लोक आले होते. ऊन कलत होतं, खडक अजून तापलेले होते, पाणी सपाट. सातव्या महिन्यात पाण्यात पाऊल घालायचं नाही म्हणून सगळे ओल्या वाळूच्या अलीकडे उभे राहिले. त्सेंग आणि आणखी दोघांनी कागदाचं घर तेवढं पुढे नेऊन सोडलं. दारावर चाओ-यिनचं नाव होतं. आतला दिवा पेटला, घर डुलत निघालं.

“चाओ-यिन, परत ये,” पेइ-चनने हाक मारली. तिच्या मागून सगळ्यांनी.

घर लांब गेलं.

“चाओ-यिन, परत ये.”

माणसं रडत होती, आता मोकळेपणाने, एकमेकांचे खांदे धरून.

“चाओ-यिन, परत ये.”

“ओ,” कुणीतरी म्हणालं.

आवाज स्पष्ट होता. खेळ सोडून जेवायला यावं लागलेल्या मुलीचा असतो तसा, थोडा नाखूश. पेइ-चनला वाटलं तो मागून आला. मागच्यांना वाटलं पुढून आला. सगळा किनारा एकदम हसला आणि रडला. काओ गुरुजी वाळूत गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हात जोडून पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, “आली. आली बघा.”

परतताना त्सेंग बस चालवत होता आणि पेइ-चन त्याच्या मागच्या आसनावर होती. बसमध्ये लोक गात होते. बोगदा गेला, मासळी बाजार गेला, तेव्हा ती पुढे वाकून म्हणाली, “त्सेंग, चाओ-यिन मुकी आहे.”

“मग?”

“मग ओ कुणी दिली?”

त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं. “असेल कुणीतरी पोरगी. लोकांना बरं वाटावं म्हणून दिली असेल. बरं वाटलं ना?”

“वाटलं,” पेइ-चन म्हणाली, आणि ते खरं होतं.

त्यानंतर दुकानात सुजलेले डोळे यायचे बंद झाले. माणसं हसत येत, चौकट निवडताना गप्पा मारत. पुस्तकांच्या दुकानातली संत्री नाहीशी झाली. हे सगळं बरंच झालं, असं पेइ-चन स्वतःला सांगत होती, तोच त्सेंग एका दुपारी बस डेपोत लावून तिच्याकडे आला.

“ताई, ती माझ्या बसमध्ये बसते,” तो म्हणाला.

“कोण?”

“कोण काय? बादौझीच्या शेवटच्या थांब्यावर चढते. कार्ड लावत नाही. मच्छीमार धक्क्याला उतरते. आसन ओलं करून जाते, एवढंच. मी आता तिथे प्लॅस्टिक घालून ठेवलंय.” तो थट्टा करत होता, पण चेहरा उजळला होता. नवं बाळ झालेल्या माणसाचा असतो तसा. “गुरुजींकडे जाते. गुरुजी तिला वाचून दाखवतात.”

पेइ-चनने हिशोब साधा मांडला. कुठली तरी वेडी वाचक मुलगी घर सोडून आली आहे, चाओ-यिनसारखी वेणी घालून फिरते आहे, आणि दोन पोक्त पुरुष तिला प्रोत्साहन देत आहेत. तिची आई कुठेतरी पोलीस ठाण्यात बसली असेल. तिने दुकानाला कुलूप लावलं आणि ती गुरुजींच्या घरी गेली.

दार उघडंच होतं. गुरुजी खुर्चीत, चष्मा नाकावर, मांडीवर पहिला भाग. त्यांच्यासमोर ठेंगण्या स्टुलावर एक मुलगी बसली होती, पंधरा-सोळाची. वेणी ओली होती आणि तिच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. बाहेर कडक ऊन होतं. शेजारी वाडग्यात माशांच्या गोळ्यांचं सूप निवत होतं, त्याला कुणी हात लावला नव्हता.

“पुढे?” मुलगी म्हणाली.

“बाळ, तुझं नाव काय?” पेइ-चनने विचारलं.

मुलीने आधी गुरुजींकडे पाहिलं. मग म्हणाली, “चाओ-यिन.”

“अं हं,” गुरुजी हळूच म्हणाले. “काय ठरलंय आपलं? बोलायचं नाही. चाओ-यिन काय करते?”

मुलीने स्टुलाच्या कडेवर तळव्याने दोन थापा मारल्या.

गुरुजींनी पेइ-चनकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “पटकन शिकते,” ते म्हणाले. “पहिल्या दिवशी तर काहीच माहीत नव्हतं. होडीचं नाव नाही, कुणाचं नाव नाही. आता सगळ्यांना ओळखते.”

“गुरुजी, ही कुणाची तरी मुलगी आहे.”

“आपली आहे.”

“हिची आई असेल.”

“ताई,” ते मऊ आवाजात म्हणाले, “हाक आपण मारली. सगळ्यांत मोठ्याने तुम्हीच मारलीत.”

 पण तिथून ती मुलीला घेतल्याशिवाय हलणार नव्हती. डोळे तपासायला नेते, एवढंच ती म्हणाली. पुस्तकातल्या चाओ-यिनला लांबचं कमी दिसायचं, ते गुरुजींना पटलं.

वाटेत पेइ-चनने तिचा हात धरला होता. हात गार होता. पण बंदरावर काम करणाऱ्या बायकांचे हात गारच असतात.

दुकानात तिने मुलीला खुर्चीत बसवलं आणि भिंतीवरचा तक्ता उजळला. तुटक्या कड्यांचा तक्ता. कडी कुठल्या बाजूला उघडी आहे ते सांगायचं. मुलीने वरच्या ओळीपासून सुरुवात केली. उजवीकडे, खाली, डावीकडे, वर. एकही चुकली नाही. सगळ्यांत बारीक ओळ संपली, जी क्वचितच कुणाला दिसते, आणि ती थांबली नाही. “खाली. डावीकडे. खाली. उजवीकडे,” ती म्हणत राहिली. तिची नजर हळूहळू भिंतीवरून उतरत होती, तक्त्याच्या चौकटीखाली, कोऱ्या चुन्यावर, आणि मग जमिनीवर, आणि तिथेही ती ओळीमागून ओळ वाचत होती.

“पुरे,” पेइ-चन म्हणाली.

तिने छोटा दिवा मुलीच्या डोळ्यावर धरला. बाहुली लहान झाली नाही. दुसऱ्या डोळ्यावर धरला. तीही झाली नाही. बाहुली मोठी करायचे थेंब असतात, पेइ-चनने मनाशी म्हटलं. कुणीतरी घातले असतील. ती कितीतरी वर्षं ते थेंब लोकांच्या डोळ्यांत घालत होती. त्यांनी विस्फारलेले डोळे प्रकाशात पाणावतात, मिटतात. हे डोळे उघडेच होते. दिवा किती जवळ आला तरी मुलगी त्यातून पलीकडे पाहत होती.

पेइ-चनने दिवा बंद केला.  मग तिने खुर्ची ओढली आणि मुलीच्या समोर बसली. जे काही असेल ते असो, तिने ठरवलं, हिला घरी पोचवायची.

“चाओ-यिनच्या आधी तुझं नाव काय होतं?”

मुलगी विचारात पडली. “होतं,” ती म्हणाली. आवाज किनाऱ्यावर ऐकला होता त्यापेक्षा बारीक झाला होता. “त्या नावाने कुणी हाक मारली नाही.”

“घर कसं होतं?”

“निळं दार.” थोड्या वेळाने, “दारात शेवाळ वाळतं. आधी जांभळं. मग धुऊन धुऊन पांढरं.”

“आणि?”

मुलीने तोंड उघडलं, आणि मिटलं. खुर्चीच्या हातावर तिने तळव्याची एक थाप मारली.

एक थाप म्हणजे नाही. पेइ-चन उठली. हिला जे आठवतंय तेही फार दिवस राहणार नाही, हे तिला कळलं. गुरुजींचे पुढचे भाग वाचून होतील आणि निळं दार पुसलं जाईल.

खडकांवरचं खायचं शेवाळ खरवडून आणायचं, धुवायचं, उन्हात टाकायचं, पुन्हा धुवायचं, हे काम बादौझीत आता थोड्याच बायका करतात. मुलगी आपणहून गुरुजींकडे परतली, आणि पेइ-चन दुकान बंद ठेवून तिथल्या गल्लीबोळांतून हिंडली. निळी दारं बरीच होती. प्रत्येक दारात तिने विचारलं, या घरची कुणी मुलगी समुद्रात गेली होती का, आणि कुणी हसलं, कुणी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्या दिवशीही. शेवटी बंदराच्या टोकाशी, रस्त्यावर चटई टाकून शेवाळ पसरणारी एक म्हातारी तिला भेटली. लाय आजी. वाकलेली, कानाने कमी. पेइ-चनने विचारलं तशी तिचे हात शेवाळातच थांबले.

“श्यू-मान,” आजी म्हणाली. “माझी लेक. माझ्याबरोबर खडकावर आली होती. मी टोपली बांधायला वळले. वळून बघते तर लाट, आणि खडक रिकामा.”

“मग हाक मारायला गेला नाहीत? सातव्या महिन्यात?”

“नाही.”

“का?”

आजीने शेवाळाचा एक गुच्छ उलटा केला. “हाक मारली की ती गेली असं झालं असतं. मी म्हटलं, यायची तेव्हा येईल. तेव्हा ती सोळाची होती. आता माझ्याएवढे केस पांढरे झाले असते तिचे.”

पेइ-चनने तिला सगळं सांगितलं, मोठ्या आवाजात, कानाशी वाकून. पुस्तक, किनारा, हाक, ओ. आपण काय बोलतोय हे स्वतःलाच ऐकू येत होतं आणि तरी ती थांबली नाही.

“त्या लोकांनी तिला दुसरं नाव दिलंय,” ती म्हणाली. “तिला विसर पडत चाललाय, आजी. आता हाक मारावी लागेल.”

आजीने हातातलं शेवाळ खाली ठेवलं. मग उठून हात धुतले आणि स्वच्छ सदरा घालायला आत गेली.

रविवार होता. गुरुजींच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. लोक जिन्यावर बसले होते, खिडकीतून आत बघत होते. कुणी लहान मुलांना खांद्यावर घेतलं होतं. मध्ये स्टुलावर मुलगी. कुणीतरी तिला पुस्तकातल्यासारखा जाड सुती सदरा शिवून आणला होता. तिच्याभोवती जमीन ओली होती आणि लोकांनी त्या ओलीत आपले जोडे भिजू दिले होते. गुरुजी शेवटचा भाग वाचत होते. होडी, पहारेकऱ्यांच्या बोटी, नांगर.

“त्सेंग, वाट कर,” पेइ-चन म्हणाली.

त्सेंगने आजीकडे पाहिलं. त्याला बहुधा कळलं, कारण त्याचा चेहरा पडला. “ताई, असं नका करू. लोकांना बघा तरी. किती दिवसांनी हसतायत.”

“वाट कर.”

“मुलगी कुणाचीही असली तरी काय बिघडलं? ती इथे सुखात आहे.”

“तिला विचारलंस?”

त्याने तोंड फिरवलं, पण तो बाजूला झाला. त्याच्यामागचेही झाले.

आजी उंबऱ्यावर उभी राहिली. गुरुजींनी तिला पाहिलं आणि आवाज चढवला. दोर कापला गेला. होडी सुटली. मुलीचे ओठ घट्ट मिटलेले होते, तळवे स्टुलाच्या कडेवर. तिने उंबऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“श्यू-मान,” आजी म्हणाली. 

गुरुजी वाचत होते.

“श्यू-मान, जेवायला ये.”

गुरुजी वाचत होते, आणि रडत होते.

पेइ-चन पुढे गेली आणि त्यांच्या हातातलं पुस्तक मिटलं.

“श्यू-मान. जेवायला ये गं. वाढलंय.”

मुलीचे तळवे स्टुलावरून उचलले गेले.

“ओ,” ती म्हणाली.

ती उठली, गर्दीतून सरळ चालत गेली आणि आजीच्या मागोमाग बाहेर पडली. कुणी तिला अडवलं नाही. उन्हात दोघी बादौझीच्या रस्त्याला लागल्या. फरसबंदीवर दोघींपैकी एकीचीच ओली पावलं उमटत होती आणि मागोमाग सुकत होती.

घरात कुणीतरी हुंदका दिला. मग दुसऱ्याने. गुरुजी मिटलेल्या पुस्तकावर दोन्ही हात ठेवून बसले होते. पेइ-चन त्यांच्याजवळ जमिनीवर बसली, ओलीतच.

“पुन्हा गेली,” ते म्हणाले.

“या वेळी हाक ऐकून गेली, गुरुजी.”

त्यांनी मान हलवली. मग ते उठले आणि आलेल्या माणसांसाठी चहाचं आधण ठेवलं.

महिना संपला. कुळांची घरं पाण्यात सुटली, ढोल वाजले, टेबलं मांडून चांगल्या भावांना जेवू घातलं आणि निरोप दिला. पेइ-चनचं दुकान पूर्ववत चालू झालं. पंधरवड्याने तिने पिशवीत पीच भरले आणि ती लाय आजीला भेटायला गेली.

निळं दार अर्धं उघडं होतं. शेवाळ चटईवर होतं, आता पांढरंशुभ्र. आजी दारात बसून त्यातले शिंपल्यांचे तुकडे वेचत होती. घरात टेबलावर दोन वाडगी होती. एक रिकामं, एक भरलेलं.

“आत आहे,” आजी म्हणाली. “खात नाही. पण बसते माझ्याजवळ.”

“तुम्हाला बरं वाटतंय ना?”

“बरं वाटतंय.” आजीने एक तुकडा वेचून बाजूला टाकला. “माझी नाही ती.”

पेइ-चनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“माझ्या श्यू-मानच्या हनुवटीवर व्रण होता, शिडीवरून पडली होती तेव्हाचा. हिच्या नाही. उंबऱ्यावरूनच दिसलं मला.”

“मग तुम्ही...”

“मग काय? ती उठून आली. इतक्या माणसांत कुणी मला ओ दिली?” आजी हसली, दात नसलेलं, समाधानी हसू. “कोणत्याही हाकेला येते हो ती. परवा शेजारीण आपल्या नातीला बोलावत होती, तर ही निघाली तिकडे. मी हात धरून बसवली.”

ऊन होतं. पेइ-चनने अर्ध्या उघड्या दारातून आत पाहिलं. तरी तिने पिशवी खाली ठेवली आणि पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या.

“मग हिचं खरं नाव शोधायला हवं, आजी. या किनाऱ्यावर आणखी घरं आहेत. मी प्रत्येक घरी जाईन. वेळ लागला तरी चालेल.”

“जा ना. जा.” आजीने कानामागे हात धरला. “तुझं नाव काय म्हणालीस? दर वेळी विसरते.”

“पेइ-चन.”

“काय?”

“पेइ-चन,” ती मोठ्याने म्हणाली.

“पेइ-चन?” आजीने तितक्याच मोठ्याने, खात्री करून घ्यायला, म्हटलं.

पेइ-चनने ओ द्यायला तोंड उघडलं.

“ओ,” आतल्या खोलीतून उत्तर आलं.

आजीने मान डोलावली, हातातलं शेवाळ झटकलं आणि दारात कुणी उभंच नसल्यासारखी, पेइ-चनकडे न बघता ती आत गेली.